जात्यावरची ओवी आणि शिवारातलं धान्य : दोन विषयांच्या बांधावरचं संशोधन कसं करावं?

घोडकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज मदत मागायला धागा काढते आहे. लांबला आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

मी मराठी विषयात पीएच.डी. करते. माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. विषय जात्यावरच्या ओव्या. नोंदणी केली तेव्हा शीर्षक नेहमीचंच होतं, ओव्यांमधलं स्त्रीजीवन. मायबाप, भाऊराया, सासुरवास, विठ्ठल, सीता असे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात ओव्या बसवत जायच्या. दीड वर्ष तेच केलं. आसपासच्या गावांत फिरून ओव्या उतरवल्या, वह्या भरल्या.

मग गेल्या पावसाळ्यात चुलत आजीकडे गेले होते. वय ऐंशीच्या पुढे, पण जातं अजून पडवीत मांडलेलं आहे. ती समोर बसून एका हाताने खुंटा फिरवत होती, दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे दळायचं धान्य, जात्यात घालत होती. वैरण घालताना तिचा आवाज जरा खाली यायचा आणि जातं पुन्हा लयीला लागलं की वर चढायचा. मी लिहीत होते. एका ओवीत बाजरी आली. ती संपल्यावर पुढच्या ओवीची वाट बघत बसले, तर आजी थांबली आणि म्हणाली, "ही बहात्तरात म्हणत नव्हतो. बाजरी होती कुठं? मिलो दळायचो. मिलोची कुठं ओवी असती व्हय!"

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे, कामावर सुकडी वाटायचे, हे सगळं मी ऐकून होते. पण जात्यात पडणाऱ्या धान्याचा आणि तोंडातल्या ओवीचा काही संबंध असतो, आणि तो गाणारीला स्वतःला पक्का ठाऊक असतो, हे मला दीड वर्षात एकदाही सुचलं नव्हतं. मी ओव्यांतली माणसं मोजत बसले होते. धान्याकडे पाहिलंच नाही.

घरी आल्यावर सगळ्या वह्या पुन्हा काढल्या आणि जिथे जिथे धान्याचं नाव आहे तिथे खूण करत गेले. आता माझ्यापुढे खरा प्रश्न आहे. ओवीतलं धान्य आणि त्या गावच्या शिवारातलं धान्य जुळतं का? जुळत नसेल तिथे का जुळत नाही? याला मराठीचं शिक्षण पुरणार नाही. पिकांच्या नोंदी लागतील, पावसाचा हिशेब लागेल, दळणाची रीत माहीत हवी, थोडं मोजणंही यायला हवं.

सल्लागार समितीपुढे हे मांडलं. दोन प्रश्न आले. एक, "हे मराठीचं आहे की शेतकीचं? एक काय ते ठरवा." दुसरा, "बाहेरचा परीक्षक कुठल्या विषयाचा बोलवायचा?" माझे गाईड मनापासून पाठीशी आहेत, पण तेही म्हणतात की पुढच्या बैठकीपर्यंत पद्धत कागदावर नेमकी दिसली पाहिजे. तीन महिने आहेत.

तुमच्यापैकी कुणी असं दोन विषयांच्या बांधावरचं काम केलं आहे का? सुरुवात कुठून करायची?

रानवेडी

करा. सोडू नका. सविस्तर उद्या लिहिते.

जुनी_वही

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, लोकसाहित्याचा पेपर त्यात बरीच वर्षं होता. तुमची तळमळ कळते. तरीही समितीच्या बाजूने थोडं बोलतो, कारण त्यांची भीती अगदीच निराधार नाही.

ओवी ही नोंदवही नव्हे. गाणारी बाई काल काय दळलं ते सांगायला गात नाही. ओवीचा साचा ठरलेला असतो, यमक ठरलेलं असतं, आणि साच्यात जो शब्द बसतो तो येतो. भाऊ पाहुणा आला की गहू येणार, मग त्या घरात वर्षभर गव्हाचा दाणा नसला तरी. लग्नघरी घाणा भरताना हळकुंड आणि गहू येणार, कारण ते विधीचं दळण आहे. उद्या तुम्ही "ओव्यांत गहू पुष्कळ, म्हणजे गावात गहू पुष्कळ" असं लिहिलंत तर शेतकीवालेही हसतील आणि मराठीवालेही रागावतील.

दोन विषय एकत्र आणताना एकातलं कच्चं मटेरियल आणि दुसऱ्यातली भारदस्त परिभाषा उचलली, की प्रबंध वरून झगझगीत दिसतो, आत पोकळ असतो. असे प्रबंध मी तपासले आहेत. तुमचा तसा होऊ नये म्हणून लिहिलं.

गणिती_काका

जुनी_वही यांनी नेमकं दुखणं दाखवलं आहे. औषधही त्याच दुखण्यात आहे असं मला वाटतं. एक उदाहरण देतो, आपल्या पुण्यातलंच.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद पालीचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. मुलगा हार्वर्डला गणित शिकून १९२९ साली पदवी घेऊन परत आला, पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागला. संख्याशास्त्र शिकायचं म्हणून खऱ्या सामग्रीवर हात चालवायला त्यांना प्रश्न हवा होता. त्यातून ते प्राचीन चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांकडे वळले, तक्षशिलेच्या नाण्यांकडे. या नाण्यांवर ना राजाचं नाव ना साल, नुसते ठसे. नाणेतज्ज्ञ ठशांकडे बघत बसले होते. कोसंबींनी नाणी तराजूत घातली.

त्यामागचा विचार साधा आहे. नाणं हातोहात फिरतं, झिजतं, वजन घटतं. जास्त फिरलेलं नाणं जास्त झिजलेलं. म्हणजे वजनावरून कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं याचा अदमास लागू शकतो. पण "झिजतं" असं नुसतं म्हणून चालणार नव्हतं. किती झिजतं? सगळी सारखी झिजतात का? म्हणून त्यांनी आधी आपल्याच काळातली, बाजारात चालू असलेली नाणी एकेक करून तोलली. हजारो. या नाण्यांवर साल छापलेलं असतं, त्यामुळे नाणं किती वर्षं फिरलंय ते माहीत. जसजशी वर्षं जातात तसतसं सरासरी वजन उतरतं, आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. हे हाती आल्यावर मग ते तक्षशिलेच्या नाण्यांकडे गेले. नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे असतात, ते जितके जास्त तितकं वजन कमी, असं त्यांना दिसलं. म्हणजे हे ठसे व्यापाऱ्यांनी वेळोवेळी नाणं पारखून मारलेले असावेत, असा त्यांनी अर्थ लावला.

घोडकाठ, माझ्या मते तुमच्या कामाची किल्ली या चालू नाण्यांत आहे. जुनी_वही म्हणतात की ओवी ही नोंदवही नव्हे. खरं आहे. आहत नाणंही इतिहासाचं पान नव्हे. पण नाणं कसं झिजतं हे आधी शिकलं, की ते बोलायला लागतं. तुम्ही आधी ओवी कशी "झिजते" ते शिका. ज्या ओवीबद्दल सगळं ठाऊक आहे, गाणारी समोर आहे, तिचं गाव, शेत, दळण ठाऊक आहे, तिथे धान्याचा शब्द कधी बदलतो आणि कधी जागचा हलत नाही ते बघा. मगच जुन्या संग्रहांकडे जा.

आणखी एक. नाणी पाडली कुणी या प्रश्नाने कोसंबींना संस्कृत ग्रंथांकडे नेलं, आणि तिथे ते पाहुण्यासारखे राहिले नाहीत. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली काढली, शेकडो हस्तलिखितं ताडून. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रात गुणसूत्रावरची अंतरं काढायचं एक सूत्र दिलं, पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे आजही ते वापरतात. प्रत्येक वेळी नव्या विषयात त्या विषयाच्या माणसांना मान्य होईल इतकं काम केलं. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना पटले असं नाही, इतिहासातल्या काही मांडण्यांवर आजही वाद आहेत. पण तराजू खोटा होता असं कुणी म्हणत नाही.

पाटावरवंटा

काकांनी कोसंबींचं नाव काढलंच आहे तर राहवत नाही. बारशाला आपल्याकडे वरवंट्याला कुंची घालतात, पाळण्याच्या खालून-वरून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत देतात-घेतात. माझ्या मुलीच्या बारशाला मी हे केलं आणि "का" हा प्रश्न पडला नाही. कोसंबींना पडला. हा विधी बायकाच करतात, भटजी लागत नाही, आणि मध्यभागी दगडाचं दळायचं हत्यार. त्यांनी याचा धागा थेट अश्मयुगापर्यंत नेला. त्यांचं म्हणणं पटो न पटो, घरातल्या पाट्या-वरवंट्याकडे संशोधनाचा पुरावा म्हणून बघणं हीच मोठी झेप होती. तुमच्या आजींचं जातं त्याच रांगेत बसतं.

तिफण

मी शेतकरी. कृषी पदवी आहे, पण मुख्य ओळख शेतकरीच. धागा वाचून एकच विचारतो. ताई, वह्यांत खुणा करताना तुम्ही "ज्वारी" शोधलीत ना?

मग बरंच हातचं सुटलं असेल. आमच्याकडे म्हातारी माणसं ज्वारी म्हणतच नाहीत, जोंधळा म्हणतात. रब्बीच्या ज्वारीला कित्येक गावांत शाळू म्हणतात. आजही भाकरीला मालदांडी ज्वारीच पाहिजे म्हणून लोक अडून बसतात. आणि "हायब्रीड" हे आमच्या आईच्या तोंडी एका धान्याचंच नाव होतं. संकरित ज्वारीचं पहिलं वाण, सीएसएच-१, १९६४ साली आलं. ती खरीपाची ज्वारी, पावसात सापडली की काळी पडायची, भाकरीला चव नाही म्हणायचे. तुमच्या एखाद्या ओवीत हायब्रीड सापडली तर ती ओवी, निदान तो शब्द, १९६४ च्या अलीकडचा. गणिती काकांच्या भाषेत, साल छापलेलं नाणं.

पिकांच्या नोंदीसाठी गॅझेटिअर बघालच, पण ते अख्ख्या जिल्ह्याचं सांगतं. गावाचं हवं असेल तर जुने सातबारे काढा. बारा नंबरच्या नमुन्यात पीकपाहणी असते, कुठल्या गटात कुठलं पीक, किती क्षेत्र. तलाठी कितपत बांधावर जाऊन लिहायचा ते गावोगाव वेगळं, तेवढी सावधगिरी ठेवा.

आणि भात ओव्यांत कमी दिसला म्हणून भात नव्हता असं धरू नका. भात कांडतात, दळत नाहीत. मावळात उखळा-मुसळाशी गेलं तर वेगळी गाणी मिळतील.

घोडकाठ

तिफण दादा, खरं सांगते, मी "ज्वारी"च शोधली होती. आता पुन्हा बसले. जोंधळा कितीतरी ठिकाणी आहे, आणि मी एका ठिकाणी समासात "जोंधळा = ?" असं लिहून ठेवलेलं सापडलं. घोडकाठची मुलगी असून. शहरात शिकायला गेल्यावर शब्द असे कधी गळून जातात कळत नाही.

काका, चालू नाण्यांची गोष्ट मी गाईडना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे प्रकरण दोन म्हणून लिहा.

उत्खनक

घोडकाठ म्हटल्यावर इनामगाव आठवलं नसतं तर नवल. तुमच्या तालुक्यातलंच. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे जवळजवळ पंधरा वर्षं उत्खनन केलं. माझी पिढी त्यानंतरची, आम्ही ते अहवालांतून शिकलो, पण काम कसं करावं याचा धडा म्हणून आम्हाला इनामगावच दाखवायचे.

तिथे शे-सव्वाशेहून जास्त घरं उजेडात आली, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. जुन्या पद्धतीने भांड्यांचे प्रकार पाडून थांबता आलं असतं. तसं झालं नाही. जळकं धान्य वेगळं काढून वनस्पतीच्या अभ्यासकाकडे गेलं, हाडं प्राण्यांच्या अभ्यासकाकडे, माणसांच्या दातांवरून आहाराचा माग काढला गेला. त्यातून कळलं की आज बाजरी-ज्वारीच्या या पट्ट्यात तेव्हा जव हे मुख्य पीक होतं. आणि शेवटच्या काळात, इ.स.पू. १००० नंतर, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकार वाढली. हे चित्र एकट्या खापरांतून उभं राहिलं नसतं.

एक गोष्ट तुमच्या कामाची. तिथे धान्य दळायचे दगड मिळाले ते पाट्यासारखे, पुढे-मागे रगडायचे. गोल फिरणारं जातं दख्खनमध्ये बरंच नंतर, सातवाहन काळाच्या थरांत दिसायला लागतं. म्हणजे जात्याच्या फेऱ्याबरोबर चालणारी लय त्याआधीची असू शकत नाही. पाट्यावर बाई वेगळ्या लयीत गात असेल.

कामाची पद्धत म्हणून सांगतो. तिथे प्रत्येकाने आपापलं प्रकरण लिहून शेवटी टाचणी मारली असती तर काही हाती लागलं नसतं. एकाच घराच्या जमिनीवरचं खापर, दाणा आणि हाड यांच्याबद्दल तिघांना एकमेकांशी बोलावं लागलं. कुठला थर, कुठलं घर, हे सगळ्यांचं एक होतं. तुमच्याकडे तसा एक धरून ठेवायचा घटक कोणता? माझ्या मते गाव. ओवी, पीकपाहणी, पाऊस, सगळं गावाला बांधा. जिल्ह्याचा पाऊस आणि एका आजीची ओवी शेजारी ठेवलीत तर त्यातून काही निघणार नाही.

रानवेडी

काल म्हटल्याप्रमाणे. मी वनस्पतीशास्त्राची. आमच्याकडे देवरायांचा अभ्यास कसा सुरू झाला ते बघा. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवराया हिंडले. झाडांच्या याद्या करणारे पुष्कळ होते. यांनी त्याबरोबर देव कोणता, राई कोण राखतं, काय तोडलेलं चालतं आणि काय नाही, तेही लिहून घेतलं. कारण ते झाड तिथे का उभं आहे याचं उत्तर मातीत जितकं आहे तितकंच गावकीत आहे. आज देवराईवर कुणी काम करायचं म्हटलं तर देवाचं नाव न विचारता करता येत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. तुमच्या कामानंतर ओवी उतरवणाऱ्याला "दळण कशाचं होतं" हे लिहावं लागलं तर केवढी गोष्ट होईल.

नेकारकाठ

मी हायडेलबर्गमध्ये असते, नेकार नदीच्या काठी, म्हणून हे नाव. इथल्या विद्यापीठातले ग्युंथर सोन्थायमर महाराष्ट्रात मोठ्या आदराने ओळखले जातात. मूळचे ते कायद्याचे अभ्यासक, हिंदू एकत्र कुटुंबावर त्यांचं पुस्तक आहे. पोथ्यांतला धर्म आणि कायदा शिकलेला हा माणूस धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसला, रात्र रात्र बिरोबाच्या, म्हस्कोबाच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, खंडोबावर चित्रपट केले. १९९२ साली ते गेले.

हे सांगायचं कारण म्हणजे तुमच्या समितीचा दुसरा प्रश्न. परीक्षक कुठल्या विषयाचा? तो प्रश्न टाळू नका, मानाने घ्या. इथे माझ्या मैत्रिणीचं काम संगीत आणि भूगोल यांच्या मधलं होतं. तिने सुरुवातीलाच दोन्ही विषयांच्या एकेका माणसाकडून लिहून घेतलं की तिच्या कामातला कुठला भाग ते तपासतील आणि कुठल्या कसोटीवर. तुम्हीही पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा: ही इतकी विधानं साहित्याची, ती लोकसाहित्याच्या कसोटीवर तपासा. ही इतकी पिकांची, ती कृषीच्या माणसाने तपासावीत. पदवी मराठीची, कारण मूळ प्रश्न ओवीचा आहे. शेत त्यात साक्षीला येतंय.

आणि आजींबद्दल. "मिलोची कुठं ओवी असती" हे उदाहरण नाही, ते गृहीतक आहे, आणि ते त्यांनी मांडलं. त्यांची परवानगी असेल तर प्रबंधात ते त्यांच्या नावाने यावं.

गणिती_काका

नेकारकाठ यांचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. पूर्ण सहमत.

जुनी_वही

मी पहिल्या प्रतिसादात जरा करड्या सुरात लिहिलं होतं. चर्चा ज्या दिशेने गेली त्याने मला माझ्याच घरची एक गोष्ट आठवली.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पुरं. १,२५९ हस्तलिखितं. तिचे संपादक सुकथनकर यांनी घालून दिलेली शिस्त अशी की पाठभेद कचऱ्यात टाकायचे नाहीत, पानाच्या तळाशी ओळीने लावायचे. कुठल्या प्रांताच्या पोथीत काय आहे हे त्यातून दिसत जातं. ओवीला मूळ संहिता नाही, शोधूही नये. पण पाठभेद लावायची शिस्त तुम्ही घ्या. एकच ओवी दहा गावांत दहा जणींकडून. बाकीची ओळ तीच आणि धान्य तेवढं बदलतंय, तर तो शब्द गावच्या मातीचा. ओळही तीच, धान्यही तेच, आणि त्या गावात ते धान्य पिकतच नाही, तर तो साच्याचा शब्द. माझा आक्षेप यात सुटतो.

सामग्री कमी पडेल असं वाटत असेल तर गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांचा संग्रह आहे. १९८० च्या दशकापासून त्यांनी गावोगावच्या बायकांबरोबर, म्हणजे त्या बायकाच उतरवणाऱ्या, अशा रीतीने एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या आता गावानुसार, गाणारीच्या नावानिशी येत आहेत. इतकी शिस्तीची नोंद आमच्या वेळी नव्हती.

आणि हो, छंदाचंही बघा. मी साचा साचा म्हणालो, तो अक्षरं मोजून तपासता येतो.

घोडकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मध्ये दोनदा गावी जाऊन आले. जुनी_वही सर, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त तिथेच सापडलं.

अक्षरं मोजली. बाजरी तीन, जोंधळा तीन, नाचणी तीन. गहू दोन, शाळू दोन, वरी दोन. म्हणजे बाजरीच्या जागी जोंधळा किंवा नाचणी घातली तर ओळ अडखळत नाही. मी आजीला मुद्दाम तिच्या बाजरीच्या ओवीत जोंधळा घालून म्हणायला लावलं, तिने जात्यावर न थांबता म्हटली. मग ज्या गावात नाचणी होते तिथल्या माझ्या मावशीकडे तीच ओवी मिळाली, तिच्यात नाचणी आहे. बाकी ओळ अक्षर न अक्षर तीच. भावाच्या ओव्यांत मात्र दोन्हीकडे गहूच आहे, आणि तो दोन्ही गावांत कुणी फारसा पेरत नव्हतं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तसं. मोजक्याच ओव्यांवर हे म्हणते आहे, अजून बऱ्याच गावांत जायचंय. पण रोजच्या दळणाच्या ओव्या आणि पाहुण्याच्या, लग्नाच्या ओव्या वेगळ्या ठेवाव्या लागतील, एवढं नक्की.

आणि मग लक्षात आलं, मिलो. दोन अक्षरं. गव्हाच्या, शाळूच्या जागी आरामात बसला असता. म्हणजे मिलोची ओवी नाही याचं कारण छंद नव्हे.

मला वाटलं, मिळालं उत्तर. परकं धान्य, आपल्या शिवारात न उगवलेलं, रेशनच्या पोत्यातून आलेलं, म्हणून बायकांनी त्याला ओवीत घेतलं नाही. या आनंदात दुसऱ्यांदा आजीकडे गेले. तिला सगळं समजावून सांगितलं, अक्षरांसकट. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

म्हणाली, "आगं तसं न्हाई. दिवसभर खडी फोडायची. तिथून आल्यावर सांच्याला दळायचं, गिरणीला द्यायला पैसा न्हवता. अंगात गायचं बळ कुठलं? मुकाट दळायचो. मिलोची ओवी न्हाई, तशी त्या वर्साची कशाचीच ओवी न्हाई."

मी वही मिटून बसले. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर राज्यात जवळपास ५० लाख माणसं होती, हा आकडा माझ्या टिपणांत होता. बायका त्यात मोठ्या संख्येने होत्या हेही होतं. पण तो आकडा मी "पार्श्वभूमी" या मथळ्याखाली ठेवला होता. तो जात्यापर्यंत येऊन पोचतो, आणि ओवीतल्या एका शब्दाच्या आधी ओवीच थांबवतो, हे माझ्या मांडणीत कुठेच नव्हतं. मी शब्द नाही असं धरून चालले होते, तिथे त्या वर्षी गाणंच नव्हतं.

बैठकीसाठीचा कागद पुन्हा लिहिला आहे. मूळ प्रश्न तोच, पण प्रत्येक गावात विचारायच्या प्रश्नांत तीन नवे आले: दळण कशाचं होतं, कामाहून आल्यावर दळायचात की पहाटे, आणि त्या वर्षी गात होतात का. उत्खनक यांनी म्हटल्याप्रमाणे सगळं गावाला बांधलं आहे. तिफण दादांच्या सांगण्यावरून दोन गावांचे जुने सातबारे मिळाले, बारा नंबरात १९७२-७३ च्या रकान्यात ओळीने "पड", म्हणजे न पेरलेली जमीन, असं लिहिलंय. नेकारकाठ ताई, आजीची परवानगी घेतली. तिला नाव छापून हवं आहे, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.

जुनी_वही सर, सातबाऱ्यातल्या "पड" या शब्दाशेजारी न गायलेल्या ओवीची नोंद कशी करायची? पाठभेदाच्या रकान्यात मोकळी जागा सोडू का?

जुनी_वही

मोकळी सोडू नका. रकान्यात गावाचं नाव घाला, गाणारीचं नाव घाला, साल घाला, आणि पुढे "गायली नाही" असं लिहा. तळटीपेत आजींचे शब्द जसेच्या तसे, त्यांच्या बोलीत. बैठकीच्या आधी कागद मला पाठवा, शुद्धलेखन मी बघून देतो.